जुन्या हार्ड डिस्कवरचं फोल्डर उघडत नाही? आधी मालकी घ्या, मग परवानगी

टिळक रोडवरून नवा पीसी आणायचा, जुन्याची हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडायची, आणि आपल्याच फोटोंच्या फोल्डरवर विंडोजने 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणायचं, हे पुण्यात घरोघरी चालू आहे. त्यावर हमखास मिळणारे दोन सल्ले म्हणजे 'एव्हरीवनला (म्हणजे सगळ्या खात्यांना) फुल कंट्रोल देऊन टाका' आणि 'यूएसी बंद करा' (यूएसी म्हणजे प्रोग्रामला जादा हक्क देण्याआधी विंडोज तुमची परवानगी विचारतं ती सोय). दोन्ही घातक आहेत. पहिल्याने त्या पीसीवरचं कुठलंही खातं तुमच्या फाइली पुसू शकतं. दुसऱ्याने कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता अ‍ॅडमिनचे हक्क वापरू शकतो.

विंडोज खात्याचं नाव बघत नाही, त्याचा एसआयडी नावाचा क्रमांक बघतं. जुन्या पीसीवर 'घर' नावाचं खातं होतं आणि नव्यावरही 'घर'च आहे, तरी दोघांचे क्रमांक वेगळे. म्हणून सिक्युरिटी टॅबमध्ये नावाऐवजी 'अकाउंट अननोन' आणि एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो. 'पण मी तर अ‍ॅडमिन आहे' हेही इथे पुरत नाही. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून अ‍ॅडमिन खात्यातले प्रोग्रामही साध्या हक्कांनीच चालतात. यूएसीच्या खिडकीत 'येस' म्हटल्यावरच पूर्ण हक्क मिळतात. आणि अ‍ॅडमिनला मालकी घेता येते म्हणजे फाइल वाचता येते असं नाही.

डिस्कवर बिटलॉकर (अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप) असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधा. फाइल ईएफएसने (एकेक फाइल एन्क्रिप्ट करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) एन्क्रिप्ट केलेली असेल तर मालकी घेऊनही ती उघडणार नाही, जुन्या खात्याचं सर्टिफिकेटच लागेल.

आता मुख्य काम. लोक अडकतात ते इथेच.

हवं तेवढंच फोल्डर निवडा, अख्खी डिस्क नको. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. वर 'ओनर'समोर 'चेंज' दाबा, आपल्या खात्याचं नाव टाका (मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर पूर्ण ईमेल) आणि 'चेक नेम्स' दाबा. नावाखाली रेघ आली की ओके. लगेच ओनरच्या खाली 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' अशी चौकट येते. तिच्यावर टिक केली नाही तर वरचं फोल्डर तुमचं होतं आणि आतली सगळी जुन्याच मालकाची राहतात. मग अ‍ॅप्लाय. आतलं वाचायची परवानगी नाही, फुल कंट्रोल देऊ का, असं विंडोजने विचारलं तर 'येस'.

यानंतर प्रॉपर्टीजच्या सगळ्या खिडक्या बंद करा आणि पुन्हा उघडा. विंडोज स्वतः ही सूचना देतं, ती न वाचता ओके दाबलं जातं, आणि परवानग्यांची यादी जुनीच दिसत राहते. मालकाला परवानग्या बदलायचा हक्क मिळतो, फाइल वाचायचा नाही. तो वेगळा द्यावा लागतो: अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'अ‍ॅड', 'सिलेक्ट अ प्रिन्सिपल', आपलं खातं, 'फुल कंट्रोल', आणि 'अप्लाइज टू'मध्ये 'धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स'.

तरीही एखादं फोल्डर उघडलं नाही तर यादीत 'डिनाय' शोधा. त्याच फोल्डरवर थेट लावलेला नकार असला की परवानगी हरते. पण 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' किंवा 'अ‍ॅप्लिकेशन डेटा' या नावांवरचा नकार विंडोजनेच मुद्दाम ठेवलेला असतो. ती खरी फोल्डरं नाहीत, दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या नुसत्या वाटा आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

चालू सी ड्राइव्हवरच्या 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स'वर हा प्रयोग अजिबात नको. तिथल्या सिस्टीम फाइलींचा मालक 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' ही विंडोजचीच सेवा आहे आणि ती मालकी तशीच राहू द्यावी.

फोल्डर उघडलं की नव्या पीसीच्या डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करा. कॉपीला नव्या जागेच्या परवानग्या लागू होतात, जुन्यांचं लचांड तिथेच सुटतं. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल मात्र जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते.

रोजच्या वापराचं खातं 'स्टँडर्ड' (अ‍ॅडमिनचे हक्क नसलेलं) करा, पण आधी दुसरं अ‍ॅडमिन खातं बनवा, त्यात एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतो हे बघा, आणि मगच आपलं खातं खाली उतरवा.