कबड्डीतील वर्चस्व ओसरते आहे का, हे कसे ओळखावे

सांघिक खेळातील एखाद्या देशाचे वर्चस्व आपण पदकांवरून मोजतो. परंतु ते ओसरू लागल्यावर पदकाचा रंग सगळ्यांत शेवटी बदलतो. भारताच्या पुरुष कबड्डी संघाने 1990 ते 2014 या काळात आशियाई क्रीडा स्पर्धांत सलग 7 सुवर्णपदके मिळवली आणि 2018 मध्ये जकार्ता येथे उपांत्य फेरीत इराणकडून 18-27 असा पराभव पत्करला, तेव्हा अनेकांना तो आकस्मिक वाटला. गुणफलकांची वही ठेवणाऱ्याला मात्र तसे वाटण्याचे कारण नव्हते.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. प्रत्येक मोठ्या स्पर्धेतील त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे गुण एकाखाली एक लिहावेत. 2010 च्या ग्वांगझू येथील अंतिम सामन्यात भारताने इराणला 37-20 असे, म्हणजे 17 गुणांनी हरवले. 2014 मध्ये इंचॉनला हेच अंतर 27-25, म्हणजे अवघे 2 गुण राहिले. दोन्ही वेळा सुवर्णच मिळाले, त्यामुळे मधली घसरण जल्लोषात झाकली गेली. मात्र केवळ अंतिम फरकावर विसंबू नये. लोणाचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा सगळा संघ बाद केल्याचे, 2 जादा गुण आणि तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना साधलेल्या अव्वल पकडीचा जादा गुण यांमुळे सामन्याचे चित्र झपाट्याने पालटते. तेव्हा लोण कोणत्या मिनिटाला चढला, हेही टिपून ठेवावे. साखळी सामन्यांतील निकालही वगळू नयेत. 2016 मध्ये अहमदाबादच्या विश्वचषकात दक्षिण कोरियाने भारताला 34-32 असे हरवले होते; पुढे चषक भारतानेच जिंकला आणि तो निकाल विस्मरणात गेला. जकार्त्यातही कोरियाने साखळीत भारताला 24-23 असे नमवलेच.

त्यानंतर प्रतिस्पर्धी शिकतो कोठे, याचा शोध घ्यावा. जकार्त्यात भारतीय महिलांना अंतिम सामन्यात 27-24 असे हरवणाऱ्या इराणच्या संघाच्या प्रशिक्षक शैलजा जैन या नाशिकच्या. यात गद्दारी पाहणारे पाहोत. ज्या देशाला खेळ जगभर पसरवायचा आहे, त्याची विद्या सीमेपलीकडे जाणारच. शिवाय इराणकडे कुस्तीची जुनी परंपरा आहे, त्यामुळे पकडीसाठी लागणारी ताकद आणि अंगाला अंग भिडवण्याची सवय तेथे आधीपासूनच होती.

प्रो कबड्डी लीगचा हिशेब अधिक बारकाईने करावा लागतो. 2014 मध्ये सुरू झालेल्या या लीगमध्ये इराणच्या फजल अत्राचलीसारखा डावा कोपरारक्षक आणि कोरियाचा चढाईपटू जांग कुन ली भारतीयांसोबत आणि भारतीयांविरुद्ध खेळत राहिले. आपल्या चढाईपटूंच्या लकबी त्यांना पाठ झाल्या. लीगमधील पुणेरी पलटणच्या विजेत्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता, याचा पुणेकरांना आनंदच झाला. उलट बाजूने पाहिल्यास, तीच पकड दर मोसमात चुकवावी लागल्याने आपले चढाईपटूही सुधारले. माझ्या मते लीगमुळे भारताचे नुकसान झाले, असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. लीगमधील परदेशी खेळाडू आपल्या राष्ट्रीय संघाकडून भारताविरुद्ध उतरतो तेव्हा कोणत्या चढाईपटूला तो वारंवार पकडतो, एवढे वहीत नोंदवले, तरी लीगमधील ओळख त्याला किती उपयोगी पडते याचा अंदाज येतो.

शेवटी, त्या स्पर्धेत लागू असलेले नियम सामन्यापूर्वी वाचावेत. हांगझू येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 28-28 अशी बरोबरी असताना पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद झाला आणि खेळ सुमारे तासभर थांबला. चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेल्यास त्याच्यामागे तेथे शिरलेल्या बचावपटूंचे काय करायचे, यावर दोन्ही बाजू अडून बसल्या होत्या. भारताने तो सामना 33-29 असा जिंकला. त्याच स्पर्धेत महिलांनी चायनीज तैपेईवर 26-25 अशी मात केली. वहीत या दोन सुवर्णपदकांसमोर 4 आणि 1 हेच आकडे लिहावेत.