नेटवर्क प्लॅनिंगमध्ये यायचंय? मग आधी हब समजून घ्या

विमान कंपनीत मार्ग आणि वेळापत्रक आखण्याच्या कामासाठी मुलाखतीला आलेल्यांना मी विचारतो, भारतात नवा हब, म्हणजे प्रवाशांनी विमान बदलण्याचं केंद्र, कुठे काढाल? मराठी मुलं बहुधा नागपूर सांगतात. देशाचा मध्य, झीरो माइल, विषय संपला!

उत्तर अगदीच टाकाऊ नाही. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलून परत फिरायची. हबचं तंत्र ते हेच. पण थैली कुरकुर करत नाही. माणसाला थेट विमान मिळालं, की तो मध्ये कशाला उतरेल?

नवख्यांना भुरळ पडते ती आकड्यांची. हबवरून २० शहरांना विमानं असतील, तर थेट जोड्या २०, आणि विमान बदलून होणाऱ्या तब्बल १९०. फक्त त्या १९० जोड्यांवर प्रतिस्पर्धीही टपलेले असतात. नागपूरहून कोचीला जाणारा मुंबईमार्गे जाईल, हैदराबादमार्गे किंवा बंगळुरूमार्गेही. जिथे स्वस्त तिथे. हबच्या शहरातल्या माणसाला इतके पर्याय नसतात, थेट विमानासाठी तो जास्त मोजतो. म्हणून मी आधी बघतो, या गावातून स्वतःच्या कामासाठी किती लोक उडतात आणि कुठे.

अमेरिकेतलं पिट्सबर्ग जरूर अभ्यासा. यूएसएअर या विमान कंपनीसाठी तिथे १९९२ मध्ये भव्य टर्मिनल उभं राहिलं. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००४ मध्ये तिने तिथला हब गुंडाळला. त्याच राज्यातलं फिलाडेल्फिया मात्र टिकलं, कारण स्थानिक बाजारपेठ मोठी. सेंट लुईसची गत आणखी वाईट. तिथे टीडब्ल्यूए या विमान कंपनीचा हब होता. अमेरिकन एअरलाइन्सने २००१ मध्ये ती कंपनी विकत घेतली. शिकागो आणि डॅलसचे हब हाताशी असताना अमेरिकनला सेंट लुईस कशाला हवं? २००३ मध्ये उड्डाणं छाटली. शंभर कोटी डॉलरहून महाग नवी धावपट्टी २००६ मध्ये तयार झाली, तोवर गर्दी ओसरली होती. विमानतळ बांधणाऱ्यांना हे पचत नाही, पण हब कंपनीचा असतो, शहराचा नव्हे.

मुंबईचं दुखणं उलटं. गिऱ्हाईक रांगेत उभं, पण सांताक्रूझ-सहारच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. तासाभरात पंचवीस-तीस विमानं उतरवून पुढच्या तासात सगळी उडवायची, ही हबला लागणारी लाट तिथे बसवायची कुठे? शिवाय टर्मिनल बदलायचं तर बाहेर पडून रस्त्याने जा. हे प्रवासी एकदा सहन करतो, दुसऱ्यांदा दिल्लीमार्गे जातो.

मुलाखतीआधी एक काम करा. एखाद्या विमानतळाचं एका दिवसाचं वेळापत्रक घ्या आणि येणारी-जाणारी विमानं अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांत मांडा. लाटा दिसल्या, तर त्या कोणत्या कंपनीच्या ते शोधा. प्रवाशांचे आकडे वाचताना मात्र जपून: नागपूर-मुंबई विमानातला माणूस मुंबईलाच चाललाय की पुढे दुबईला, हे त्या आकड्यात दिसत नाही. मी नेमकं तेच विचारतो.