भंडाऱ्याचा डाग आणि रेक्झिनची सीट

माझी सात सीटर गाडी सासवडला असते. जेजुरी, नारायणपूर, अष्टविनायक, महाबळेश्वर अशी भाडी वर्षभर चालू असतात. पण सीटचा खरा कस लागतो तो जेजुरीच्या भाड्याला. गड उतरून आलेली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झालेली असतात, सोमवती अमावस्येला तर विचारूच नका. आणि माझ्या सीटा बदामी रंगाच्या. तरी आजवर एकाही पॅसेंजरला मी दारात थांबवून अंग झटकायला लावलेलं नाही. माणूस खंडोबाचं दर्शन घेऊन आलेला असतो, त्याला असं सांगणं मला पटत नाही. त्यापेक्षा मी डाग काढायला शिकलो. तेच इथे सांगतोय.

भंडारा म्हणजे हळद. हळदीच्या डागाला पाणी लावायची घाई कधीच करू नका. बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. कोरडा भंडारा सीटवर नुसता बसलेला असतो, त्याला ओलं फडकं लागलं की त्याचा लेप होतो आणि तो रेक्झिनच्या बारीक रेघांमध्ये जाऊन बसतो. मी रंगकामाचा दोन इंची मऊ ब्रश घेतो. सीटखाली वर्तमानपत्र पसरतो आणि वरून खाली हलक्या हाताने झाडत येतो. शिलाईची रेघ दोन बोटांनी फाकवायची आणि ब्रशचं टोक त्यातून फिरवायचं, कारण निम्मा भंडारा तिथेच लपलेला असतो. घरी व्हॅक्युम असेल तर त्यानंतर फिरवा. कागदावर जमलेला भंडारा मी पायदळी जाऊ देत नाही, तुळशीच्या कुंडीत घालतो.

एवढं केल्यावर फिकट पिवळी छटा उरते. तिच्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि पुसायचं. साबण थोडा कडक असेल तर इथे एक गोष्ट होईल आणि तुम्ही घाबराल. पिवळा डाग एकदम लालसर होईल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सीट वाया गेली असंच मला वाटलं. घरात आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अरे, हळदीला चुना लागला की कुंकू होतंच की.’ कारण तेच आहे. चुना, खायचा सोडा, कपड्याचा साबण हे सगळे अल्कधर्मी पदार्थ आणि हळदीला त्यातलं काहीही लागलं की ती लाल होते. म्हणून हळदीच्या डागावर खायचा सोडा चोळू नका. लाल झालाच असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून पुसा, रंग परत पिवळ्यावर येतो. मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा.

हळदीचा रंग पाण्यात विरघळतच नाही. तो तेलात विरघळतो आणि स्पिरिटमध्ये विरघळतो. म्हणून पुढची पायरी स्पिरिटची. मेडिकलमध्ये मिळतं ते साधं सर्जिकल स्पिरिट घ्या. आधी सीटच्या मागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे थेंबभर लावून पाहा. कापसावर सीटचा स्वतःचा रंग आला तर तिथेच थांबा, त्या सीटला स्पिरिट लावायचंच नाही. रंग आला नाही तर कापूस ओलसर करा. सीटवर बाटली ओतायची नाही. डागावर कापूस टेकवायचा, पाच-दहा सेकंद धरायचा, उचलायचा. कापूस पिवळा झालेला दिसेल. त्याची बाजू बदलून पुन्हा टेकवायचा. घासलं तर डाग पसरतो, टिपलं तर वर येतो. चारही दारं उघडी ठेवा, जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती काही नको, कारण स्पिरिटची वाफ पेट घेते. झाल्यावर साबणाच्या पाण्याचं आणि मग साध्या पाण्याचं फडकं फिरवा.

तरी पुसट पिवळं राहिलं तर गाडीची दारं उघडून सकाळचं ऊन थेट सीटवर पडेल अशी गाडी लावा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. दोन-तीन दिवस सकाळी तास-दीड तास ऊन मिळालं की बराचसा उडतो. मात्र मे महिन्यात दुपारभर सीट तापवू नका, रेक्झिन कडक होतं.

आता रेक्झिनबद्दल थोडं, कारण ते कळलं की बाकीचे डाग आपोआप कळतात. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते आज बहुतेक वेळा कापडावर चढवलेलं पीव्हीसी असतं. पीव्हीसी मूळचं कडक. त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं द्रव्य मिसळलेलं असतं, म्हणून ते मऊ राहतं. वर पातळ पापुद्र्यासारखा एक थर असतो आणि रंग, चमक, दाणा सगळं तो सांभाळतो. तुम्ही जे काही पुसता ते त्या थरावर. तो थर गेला की खाली प्रत्येक डाग मुरतो.

माझ्या पहिल्या गाडीत मागच्या सीटवर ऑइलपेंटचा हात लागला होता. मी दुकानातून थिनर आणला. डाग दोन मिनिटांत गेला, मला फार आनंद झाला. पंधरा दिवसांनी तेवढाच तळहाताएवढा भाग पांढुरका आणि टणक झाला, आणि उन्हाळा संपेपर्यंत त्याला भेगा पडल्या. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर या तिघांनाही सीटपासून लांब ठेवा. ते वरचा थर खातात आणि मऊपणा ओढून घेतात. टूथपेस्टही नको, तिच्यात घासणारी भुकटी असते, डागाबरोबर चमकही जाते. तारेची घासणी आणि ब्लीच यांचं तर नावही काढू नका.

बॉलपेनची शाई स्पिरिटनेच निघते, वर सांगितलं तसंच टिपून. पण त्याच दिवशी. आठवडा गेला की शाई पीव्हीसीच्या आत उतरते आणि मग फक्त फिकट होते. नव्या जीन्सचा निळा रंगही असाच. फिकट सीटवर घाम आणि उष्णता मिळाली की तो आत सरकतो. माझ्या ड्रायव्हर सीटच्या उजव्या कडेला तसा निळसर पट्टा आहे. तो मी महिनाभर बघत राहिलो आणि नंतर हात लावला, आता तो जायचा नाही. दर रविवारी साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवलं असतं तर झालाच नसता.

अष्टविनायकाच्या भाड्यात शेंदराचे ठसे येतात. शेंदूर तेलात कालवलेला असतो, त्यामुळे नुसत्या पाण्याने तो पसरतो. बोटावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन डाग सैल करा, कोरड्या फडक्याने उचला, मग साबणाचं पाणी. डोकं टेकतं तिथे होणारा केसांच्या तेलाचा काळा डाग साध्या कोमट साबण-पाण्याने दोनदा पुसला की जातो, थंडीत पाणी जरा जास्त गरम घ्या. च्युइंगमवर पिशवीत घातलेला बर्फ धरा, कडक झालं की नखाने सुटतं.

उलटीचं मात्र नीट समजून घ्या. पसरणीच्या घाटात लहान मुलांना हमखास होते. गाडी लगेच सुरक्षित जागी उभी करा, त्या पोराला आधी पाणी द्या, कुणी रागावू नका. मग पुठ्ठ्याच्या तुकड्याने कडेकडून मध्ये ओढत उचला. शिलाईच्या दिशेने कधीच ढकलू नका. रेक्झिनमधून पाणी जात नाही, पण दोऱ्याच्या भोकातून जातं आणि खाली फोम आहे. एकदा फोममध्ये शिरलं की वास महिनोनमहिने राहतो. घरी आल्यावर शिलाईवर ओलसर मऊ टूथब्रश, मग कोरडं फडकं, मग रात्रभर कोरडा खायचा सोडा भुरभुरून ठेवा आणि सकाळी व्हॅक्युमने ओढा. इथे सोडा चालतो, हळद नाही ना!

जाळीसारखी भोकं असलेल्या सीटा, किंवा कडेला एअरबॅगची पट्टी असलेल्या सीटा असतील तर पाणी अजून कमी. फडकं पिळल्यावर थेंब पडता कामा नये. आणि सगळं झाल्यावर चमक यावी म्हणून खोबरेल तेल लावायची पद्धत आहे, ती सोडा. धूळ चिकटते, सीट चिकचिकीत होते आणि पुढच्या पॅसेंजरच्या पांढऱ्या सदऱ्याला डाग पडतो.

जेजुरीच्या भाड्याला आता मी निघतानाच आजीची जुनी सुती लुगडी सीटांवर अंथरतो, चारही टोकं सीटच्या फटीत खोचून. म्हाताऱ्या बाया त्यावर हात फिरवतात आणि निवांत बसतात. रात्री सासवडला आलो की लुगडं चारी कोपऱ्यांनी उचलायचं, अंगणात तुळशीपाशी नेऊन झटकायचं.