हेअर ट्रान्सप्लांटला पळायच्या आधी
पंचविशीत केस मागे सरकले की लगेच ट्रान्सप्लांट करू नका, कारण त्यात काढून पुढे लावतात ते डोक्यामागचे केस म्हणजे ठरलेली शिल्लक, एकदा काढलेलं मूळ तिथे परत उगवत नाही आणि आत्ता सगळं कपाळावर उडवलं नि चाळिशीत टाळू उघडी पडली तर पुढे झुपका, मागे मैदान. आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, केसगळतीवरची फिनास्टेराइड १ मिग्रॅ गोळी किंवा डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल ५ टक्के चालेल का विचारा, वर्षभर नेमाने करा. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला गळती वाढू शकते, घाबरून सोडू नका. फिनास्टेराइडने सेक्सची इच्छा कमी झाली, मूड गेला तर लाजत बसू नका, डॉक्टरला सांगा. ट्रान्सप्लांट करायचंच ठरलं तर हेअरलाइन, म्हणजे कपाळावरची केसांची कड, शाळकरी पोरासारखी खाली मागायची नाही हां! लावलेले केस पहिल्या दोनेक महिन्यांत बहुतेक गळतात, खरा रिझल्ट वर्षाने दिसतो, आणि औषध नंतरही चालूच.