नवरा-बायकोचा सीआरपी रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून वाचताय? आधी हे करा

सीआरपी म्हणजे अंगात कुठे सूज (इन्फ्लमेशन) असली की रक्तात वाढणारं प्रोटीन; त्याचा आकडा बघून लोक हार्टची आणि मेंदूचीही काळजी करतात. म्हणून आधी टेस्ट कुठली केलीय ते बघा. साधी सीआरपी वेगळी, एचएस-सीआरपी (हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडा सीआरपीही मोजणारी) वेगळी. हार्टच्या रिस्कसाठी एचएस बघतात, त्यात लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे कमी रिस्क, 1 ते 3 मधली, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेला तर बऱ्याचदा कुठलं तरी इन्फेक्शन नाहीतर दुखापत असते, बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा.

आता खरी गोम. बायकांचा आकडा सरासरी पुरुषांपेक्षा जरा जास्तच येतो, आणि इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनची गोळी (गर्भनिरोधक धरून) चालू असेल तर अजून चढतो, कारण गोळीचं औषध पोटातून आधी लिव्हरमध्ये जातं आणि सीआरपी बनतो तिथेच. त्यामुळे "माझा 1.4, तुझा 2.8, म्हणजे तुझा मेंदू आधी म्हातारा होणार" असलं गणित मांडू नका. मी मांडलं होतं, रात्रीपर्यंत घरात कोणी बोललं नाही. ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या जुन्या आकड्याशीच लावायचा.

मग टेप घ्या आणि कमर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. पुरुषांची चरबी आधीपासूनच पोटात साठते, बायकांची मात्र पाळी जाईपर्यंत जास्त करून मांड्या-नितंबांवर आणि नंतर पोटाकडे सरकते, आणि हीच पोटातली चरबी आयएल-6 नावाचा सूज वाढवणारा पदार्थ सोडते, तो लिव्हरला सीआरपी बनवायला लावतो. म्हणून पाळी जायच्या आसपासची मापं तारखेसकट लिहून ठेवा.

आठवणीचं जरा उलटं आहे. शब्द लक्षात ठेवायच्या टेस्टमध्ये बायका सरासरी पुढे असतात, त्यामुळे सुरुवातीची घसरण स्कोअरमध्ये झाकली जाऊ शकते. ती म्हणतेय ना की पूर्वीसारखं आठवत नाही, मग नॉर्मल स्कोअर दाखवून गप्प करू नका. पाळी जाताना होणारा विसराळूपणा बऱ्याच जणींचा नंतर कमी होतो, तरी बी12 आणि थायरॉइड बघून घ्या. पुरुषांनी बीपी, शुगर, सिगरेट आधी बघा, मेंदूच्या रक्तवाहिन्या तिथेच खराब होतात.

आणि स्मरणशक्तीसाठी म्हणून हॉर्मोनच्या गोळ्या नकोत, 2003 मध्ये आलेल्या मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये 65 च्या पुढच्या बायकांत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन (दोन्ही हॉर्मोन) एकत्र असलेल्या गोळीने डिमेन्शिया जवळपास दुप्पट दिसला होता. हॉट फ्लॅशसाठी (पाळी जाताना अंगात येणाऱ्या गरम झळा) घ्यायची असेल तर तो प्रश्न वेगळा, ते डॉक्टरांशी बोला, जाताना चालू गोळ्यांची यादी न्या.