इंग्रजीत ‘जर-तर’ची वाक्यं बिनचूक कशी करावीत

‘तू काल फोन केला असतास तर मी स्वारगेटला थांबलो असतो.’ हे इंग्रजीत सांगताना ‘इफ यू वुड हॅव कॉल्ड मी, आय वुड हॅव वेटेड’ असं हमखास तोंडातून निघतं. मराठीत दोन्ही बाजूंना ‘असता’ येतं, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ जातं. बरोबर वाक्य आहे: ‘इफ यू हॅड कॉल्ड मी, आय वुड हॅव वेटेड.’ बोलण्याच्या ओघात काही अमेरिकन लोकही पहिल्यासारखं बोलतात, पण परीक्षेत किंवा क्लायंटच्या मेलमध्ये ती चूकच धरतात.

शाळेत झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे प्रकार पाठ करून घेतात. गाळलेल्या जागा भरायला ते पुरतात. बोलताना मात्र प्रकार आठवेपर्यंत वाक्य निसटतं. त्यापेक्षा स्वतःला दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: ही गोष्ट खरंच घडू शकते का?

घडू शकत असेल तर ‘इफ’च्या तुकड्यात साधा वर्तमानकाळ आणि दुसऱ्या तुकड्यात ‘विल’ येतं. ‘डेक्कन क्वीन चुकली तर मी शिवनेरीने जाईन’ म्हणजे ‘इफ आय मिस द डेक्कन क्वीन, आय विल टेक अ शिवनेरी.’ मराठीत इथे ‘चुकली’ हे भूतकाळी रूप आहे आणि बोलणं उद्याचं, त्यामुळे गोंधळ होतो. कुणी ‘इफ आय मिस्ड’ म्हणतं, तर कुणी उद्याचं आहे म्हणून ‘इफ आय विल मिस’. पक्की शक्यता सांगायची असेल तर दोन्ही नको. ‘ही’, ‘शी’, ‘इट’ असेल तर क्रियापदाचा ‘एस’ विसरू नये: ‘इफ इट रेन्स’. ‘विल’च्या जागी ‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’ किंवा सरळ आज्ञाही चालते.

नेहमीच घडणारी गोष्ट असेल तर दोन्हीकडे वर्तमानकाळ. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो: ‘इफ दे रिलीज अ लॉट ऑफ वॉटर फ्रॉम खडकवासला, भिडे ब्रिज गोज अंडर वॉटर.’

दुसरा प्रश्न: नुसती कल्पना असेल, तर ती आत्ताची की तेव्हाची?

खरी अडचण इथे आहे, कारण मराठीत दोन्हींसाठी एकच रूप चालतं. ‘पैसे असते तर मी कोथरूडला फ्लॅट घेतला असता.’ आज पैसे नाहीत, की दहा वर्षांपूर्वी नव्हते? मराठीत हे संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ते क्रियापदातच ठरवावं लागतं. म्हणून आधी मराठी वाक्याला मनातल्या मनात ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ जोडून बघावं.

‘आज’ बसत असेल तर ‘इफ’कडे साधा भूतकाळ, दुसरीकडे ‘वुड’: ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ फ्लॅट इन कोथरूड.’ हा भूतकाळ वेळ दाखवत नाही, गोष्ट खरी नाही एवढंच दाखवतो. म्हणून ‘इफ आय मिस्ड द ट्रेन टुमारो’सुद्धा शुद्ध आहे, गाडी चुकेल असं वाटत नाही, नुसता विचार करून बघतोय, इतकाच त्याचा अर्थ. ‘मी तुझ्या जागी असते तर’ यासाठी ‘इफ आय वेअर यू’ असंच म्हणावं. इतर वाक्यांत बोलताना ‘वॉज’ चालून जातं.

‘तेव्हा’ बसत असेल तर आणखी एक पायरी मागे जावं: ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट द फ्लॅट.’ इथे दोनदा आलेलं ‘हॅड’ चूक नाही. पहिलं सहायक, दुसरं ‘असणे’चं मुख्य क्रियापद. या रचनेत ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’ यांच्यापुढे क्रियापदाचं तिसरंच रूप लागतं. ‘वुड हॅव वेंट’ नाही, ‘वुड हॅव गॉन’. तिसरी रूपं कच्ची असतील तर आधी ‘गो, सी, टेक, गिव्ह, राइट, कम’ ही रोजची क्रियापदं पक्की करावीत.

दोन तुकड्यांचा काळ एकच असेल असंही नाही. ‘लवकर निघालो असतो तर आत्ता युनिव्हर्सिटी चौकात अडकलो नसतो.’ निघणं मघाचं, अडकणं आत्ताचं. म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळा प्रश्न विचारावा: ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्ली, आय वुडन्ट बी स्टक ॲट युनिव्हर्सिटी चौक नाऊ.’

लहान वाटणाऱ्या चुका

‘पोहोचलास की फोन कर’ याला ‘व्हेन यू रीच’ हवं. तिथे ‘इफ’ घातलं तर तो पोहोचेल की नाही याचीच शंका आहे, असा अर्थ होतो. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे ‘अनलेस यू डोन्ट हरी, यू विल मिस द बस’ उलटा अर्थ देतं; ‘अनलेस यू हरी’ एवढंच पुरे. पाऊस येवो न येवो, रेनकोट घेऊनच निघायचं असेल तर ‘टेक अ रेनकोट इन केस इट रेन्स’. ‘इफ’ वाक्याच्या सुरुवातीला असेल तर तो तुकडा संपल्यावर स्वल्पविराम द्यावा, मध्ये असेल तर सहसा देत नाहीत. ‘तर’साठी प्रत्येक वेळी ‘देन’ घालायचीही गरज नाही, स्वल्पविरामच ते काम करतो.

मेल पाठवण्याआधी त्यात ‘इफ’ शोधून त्याच तुकड्यातलं क्रियापद तपासावं. ‘विल’ किंवा ‘वुड’ दिसलं तर ‘इफ’ऐवजी ‘व्हेदर’ ठेवून वाचावं. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’मध्ये ते बसतं, कारण ही अट नाही, येईल की नाही हा प्रश्न आहे, तिथे ‘विल’ राहू द्यावं. ‘इफ यू वुड वेट अ मिनिट’सारखी नम्र विनंती असेल तरी राहू द्यावं. बाकी ठिकाणी काढावं आणि पुन्हा दोन प्रश्नांकडे यावं.