डुकरांवर कुत्रे सोडताना हरणांचं रान उठवू नका: नेहमी होणाऱ्या चुका

अमेरिकेतल्या टेक्सास, जॉर्जिया, लुईझियाना, मिसिसिपी या पट्ट्यात हरणांच्या शिकारीसाठी जमीन विकत किंवा लीजवर घेतलेल्यांना एक पेच हमखास पडतो. रानडुकरांनी अर्धी जमीन उकरून ठेवलेली असते. कुत्र्यांनिशी डुकरं मारणारा शिकारी, म्हणजे कुत्रेवाला म्हणतो, ‘एक रात्र द्या, साफ करून देतो.’ पण कुत्रे आत घातले तर हरणं कायमची निघून जातील का?

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भारतात हरणाच्या शिकारीवर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि पीक खाणाऱ्या रानडुकराच्या बंदोबस्तालाही वनखात्याची परवानगी लागते. यातलं काहीही गावाकडच्या रानात करून बघू नका. अमेरिकेतही राज्यागणिक नियम वेगळे आहेत.

आता उत्तर. हरीण आपला मुलूख सहजासहजी सोडत नाही. आग्नेय अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांना रेडिओ पट्टे लावून त्यांच्यामागे मुद्दाम कुत्रे सोडले होते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेक हरणं दिवसभरात आपल्या जागी परतली. म्हणजे एका धावपळीने जमीन ओस पडत नाही. नुकसान होतं ते चुकीच्या महिन्यात, पुन्हा पुन्हा आणि भलत्याच कुत्र्यांनिशी ही शिकार केल्याने.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक: सुरुवातच कुत्र्यांनी करणं

रानडुकराची मादी सहा ते आठ महिन्यांत वयात येते, साधारण ११५ दिवसांत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं सहज देते. संख्या नुसती आहे तिथे रोखायची तरी दर वर्षी सुमारे ७० टक्के डुकरं काढावी लागतात. कुत्र्यांच्या एका फेरीत हाती लागतं एखादं, फार तर दोन. बाकीचा कळप फुटून चार दिशांना जातो आणि काही दिवसांनी जास्त सावध होऊन परत येतो.

टेनेसी राज्याने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. १९९९मध्ये तिथे राज्यभर रानडुकरांची शिकार मर्यादेविना खुली केली. त्यानंतर डुकरं उलट पसरत गेली, कारण शिकारीच्या हौसेपोटी लोकांनी ती नव्या भागांत नेऊन सोडली. २०११मध्ये राज्याला ती खुली शिकार बंद करावी लागली.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पिंजरा, मग कुत्रे. पाच फूट उंचीच्या जाळीच्या पॅनलांचा गोल कोंडवाडा करा आणि त्याला रुंद गेट ठेवा. मका पाण्यात बुडवून चार-पाच दिवस आंबवा. आंबलेल्या मक्याला हरणं सहसा तोंड लावत नाहीत, डुकरं मात्र वासावर येतात. काही राज्यांत आमिष टाकण्यावरच बंधनं आहेत, तेव्हा हे करण्याआधी तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याचा नियम वाचा. गेट उघडंच बांधून ठेवा आणि झाडाला बांधलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात कळप मोजा. चौदा डुकरं दिसत असतील आणि आत अकराच आली असतील, तर गेट खाली पाडून बंद करायची घाई करू नका. बाहेर राहिलेली तीन डुकरं पुन्हा कुठल्याही पिंजऱ्याजवळ फिरकणार नाहीत. सगळी आत आली की मगच गेट पाडा. एवढं करूनही जी दोन-चार चाणाक्ष उरतात, त्यांच्यासाठी कुत्रे. हे त्यांचं खरं काम आहे आणि तिथे त्यांच्या तोडीचा दुसरा उपाय नाही.

महिना चुकतो

सप्टेंबरच्या सुमाराला फीडरवर, म्हणजे हरणांसाठी दाणे टाकणाऱ्या यंत्रापाशी, डुकरं वाढलेली दिसतात, माणूस घाबरतो आणि शिकारीचा हंगाम तोंडावर असताना कुत्रेवाल्याला बोलावतो. हंगामाआधीच्या सहा आठवड्यांत हरणांच्या झोपण्याच्या गचपणात कुत्रे आणि माणसं घालू नका. परतलेलं हरीण जागेवर असतं, पण दिवसाउजेडी बाहेर पडायचं थांबवतं. शिकाऱ्याच्या दृष्टीने ते नसल्यासारखंच.

मे ते जुलै हा काळ त्याहून वाईट. पाडसं जन्मतात ती याच काळात. पहिले काही आठवडे पाडस पळत नाही, गवतात अंग चोरून पडून राहतं. कुत्रा त्याच्यावर अडखळला तर सुटका नसते. शिवाय त्या उन्हात कुत्रीही कोसळतात.

योग्य काळ म्हणजे हरणांचा हंगाम संपल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. टेक्सासच्या दक्षिण भागात हंगाम जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत चालतो, तेव्हा तिथे फेब्रुवारी धरा. ओकची फळं संपलेली असतात, डुकरं खाण्यासाठी ठरावीक जागी गोळा होतात आणि थंडीमुळे कुत्र्यांचा दम टिकतो. मार्च सरला की रानटर्की घरटी करू लागतात. त्याआधीच थांबा.

हरणामागे जाणारा कुत्रा

डुकराच्या शिकारीत दोन प्रकारचे कुत्रे लागतात. बे डॉग डुकराला शोधून, घेरून, भुंकत जागेवर रोखतो. कॅटाहूला आणि ब्लॅक माउथ कर या त्यातल्या नावाजलेल्या जाती. कॅच डॉग, बहुधा अमेरिकन बुलडॉग, डुकराला प्रत्यक्ष धरतो. दोन-तीन बे डॉग आणि दोरीला बांधलेला एक कॅच डॉग एवढं पुरे. आठ-दहा कुत्र्यांची फौज आणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. जितके कुत्रे जास्त तितकी पांगापांग जास्त.

कुत्रेवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: कुत्रे हरणाकडे दुर्लक्ष करायला शिकवलेले आहेत का? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे बोलू नका. शिकारीच्या वेळी कुत्र्यांच्या गळपट्ट्यातल्या जीपीएसच्या पडद्यावर स्वतः नजर ठेवा. डुकरामागची रेघ वाकडीतिकडी असते, गचपणात घुसते, घुटमळते आणि मग एका जागी थांबते. तिथून सलग भुंकणं ऐकू येतं. हरणामागची रेघ लांब आणि वेगवान असते. दोन-तीन मिनिटांत अर्धा मैल, मोकळं रान ओलांडून, कुठेही न थांबता. अशी रेघ दिसली की त्याच क्षणी कुत्रा परत बोलवा आणि त्या दिवसापुरता गाडीत टाका. टेक्सासमध्ये कुत्र्यांनी हरणाची शिकार करणं बेकायदा आहे, त्यामुळे इथे ढिलाई तुमच्याच अंगाशी येईल.

हद्दीचा हिशेब न करणं

शंभर एकरांचा चौरस तुकडा म्हणजे एक बाजू जेमतेम २,०९० फूट, मैलाच्या चार दशांशाइतकी. डुकराचा पाठलाग मैलभर सहज जातो. म्हणजे कुत्रे शेजाऱ्याच्या जमिनीत जाणारच हे धरून चाला आणि चारही बाजूंच्या मालकांची लेखी परवानगी आधी घ्या. टेक्सासमध्ये झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’ असा आहे. पाटीइतकंच त्याला कायद्याचं वजन आहे. एका शेजाऱ्याचं हरणांचं रान ऐन मोक्याच्या वेळी उधळलं तर पुढची दहा वर्षं तो तुम्हाला कशातच साथ देणार नाही. मग पिंजऱ्यांनी मिळवलेलंही जातं, कारण डुकरं कुंपण बघून थांबत नाहीत आणि सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय ती आटोक्यात येत नाहीत.

कुत्रेवाल्याशी कागद करा: तारखा, गाड्यांची संख्या, कुठल्या गचपणात जायचं नाही, गेटं होती तशी ठेवायची, आणि जिवंत डुक्कर जमिनीबाहेर न्यायचं नाही. हे शेवटचं कलम कधीही गाळू नका. जिवंत डुकरांच्या वाहतुकीवर टेक्सास आणि जॉर्जिया दोन्हीकडे कडक नियम आहेत.

रोग

रानडुकरांत स्यूडोरेबीज हा विषाणूजन्य रोग आढळतो. कुत्र्याला तो झाला की उपचार नाही. तीव्र खाज सुटते आणि कुत्रा बहुधा दोन-तीन दिवसांत मरतो. ब्रुसेला या जिवाणूचा संसर्ग कुत्र्याला आणि माणसालाही होतो. म्हणून डुक्कर सोलताना रबरी हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या, आतडी कुत्र्यांना घालू नका आणि मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवा. अवशेष पाणवठ्याजवळ टाकू नका, खोल पुरा.

तरीही हरणं दिसत नाहीत?

दोष कुत्र्यांवर टाकण्याआधी पुरावा बघा. दर शंभर एकरांमागे एक कॅमेरा, शिकारीआधी चौदा दिवस आणि नंतर चौदा दिवस.

फोटो फक्त रात्रीचेच येत असतील तर माणसांचा आणि गाड्यांचा वावर कमी करा. ऑक्टोबरमध्ये फीडरवरून हरणं आणि डुकरं दोन्ही एकदम कमी झाली तर ओकची फळं पडू लागली आहेत. सगळी झाडांखाली गेली, जमीन सोडून नाही. एकच कोपरा रिकामा पडला असेल तर कुत्र्यांची प्रत्येक फेरी तिथूनच सुरू होत होती का, ते आठवा आणि पुढच्या वर्षी सुरुवातीची जागा बदला.

आणि फीडरवर डुकरंच दिसत असतील तर कुत्रे पुन्हा बोलावून काही होणार नाही. डुकरं खात असताना हरणं जवळ येत नाहीत. फीडरभोवती ३४ इंच उंच आणि १६ फूट लांब अशी दहा पॅनलं गोलात लावा. सुमारे पन्नास फूट व्यासाचं रिंगण होतं आणि मोठं हरीण त्यात आरामात उडी मारून येतं. घेर लहान केला तर हरणाला आत अडकल्यासारखं वाटतं आणि ते बाहेरूनच वळतं. पाडसांना मात्र ही उडी जमत नाही, हे ध्यानात ठेवा. पॅनलचा खालचा काठ सगळीकडे जमिनीला टेकलेला हवा. उंचसखल जागी बोटभर फट राहिली की डुक्कर तिथेच नाक घालून उकरायला सुरुवात करतं.